हेलेनथालबाईंचे सहा दरवाजे

'युरोपातली कल्याणकारी राज्ये : तुलना आणि सुधारणा' असं भारदस्त नाव असलेली एक समिती बॉनमध्ये तीन वर्षं बसली होती. बसली होती हाच शब्द बरोबर, कारण उठून तिनं काही केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. समितीत नऊ माणसं. आठ प्राध्यापक आणि एका राज्याचे माजी मंत्री. या नऊ जणांच्या शहाणपणाचे तक्ते करायला मात्र एकच बाई होती, स्नेहलता पारसनीस.

स्नेहलता साताऱ्याची. पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं, दोन वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि नवऱ्याला, श्रीरंगला, बॉनच्या एका टेलिकॉम कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्याच्यामागून इकडे आली. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. पहिली दहा वर्षं व्हिसावर 'कुटुंबीय' असा शिक्का घेऊन गेली. त्या दहा वर्षांत ती जर्मन शिकली, मुलीला, अन्वीला, वाढवलं, आणि मंडळाच्या गणपतीत दोनशे माणसांच्या मसालेभाताचा अंदाज कधी चुकू दिला नाही. मग एका संशोधन संस्थेत अर्धवेळ काम मिळालं. हुद्द्याचं नाव एवढं लांब होतं की श्रीरंगचे मित्र त्याचं एका शब्दात भाषांतर करायचे, क्लार्क. स्नेहलता ते ऐकून घ्यायची. आकडे तिच्या हातात असायचे आणि आकडे हातात असलेल्या माणसाला फार बोलावं लागत नाही, असं तिला तेव्हा वाटायचं.

समितीचं काम सुरू झालं ते नावं ठेवण्यापासून. तक्त्यात चार रकाने होते : डेन्मार्क, नेदरलँड्स, इटली, जर्मनी. डेन्मार्कला 'उत्तरेचं प्रारूप' म्हणायचं हे लगेच ठरलं. जर्मनीला काय म्हणायचं यावर सहा महिने गेले. कुणी म्हणे विमाधारित, कुणी म्हणे परंपरानिष्ठ, कुणी म्हणे मिश्र. दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी अध्यक्ष, प्रोफेसर विटेकिंड, यांनी तोडगा काढला की रकान्याच्या डोक्यावर नुसतं 'जर्मनी' लिहावं. सहा महिन्यांपूर्वी स्नेहलतानं नेमकं तेच लिहून दिलं होतं.

मग अभ्यासदौरे झाले. समिती कोपनहेगनला जाऊन आली, हेगला जाऊन आली, रोमला तर दोनदा जाऊन आली. स्नेहलताला कुणी नेलं नाही. पण दौऱ्यांचे अहवाल तिनंच लिहायचे होते. प्राध्यापकांनी आणून दिलेल्या टिपणांतून तिला कोपनहेगनबद्दल कळलं ते एवढंच की तिथं पावावर मासळी ठेवून खातात आणि वारा फार असतो. रोमची टिपणं हॉटेलच्या कागदावर होती. त्यांत 'कुटुंब!!' असा एक शब्द दोन उद्गारचिन्हांसह होता, बाकी वाचता येत नव्हतं.

"डोंगर पोखरायलाही जात नाहीत हो," ती श्रीरंगला म्हणाली. "डोंगराचे फोटो काढून येतात."

"तुला काय करायचंय?" श्रीरंग म्हणाला. "तक्ता भरायचा नि घरी यायचं."

घरी आलं की मात्र दुसराच तक्ता होता.

पारसनीसांचं घर बॉनसमोर, ऱ्हाईनच्या पलीकडच्या एका छोट्या गावात, चार मजली इमारतीत होतं. तळमजल्यावर फ्राऊ हेलेनथाल राहायच्या. वय शहात्तर, नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं, मूलबाळ नाही. एका नाट्यगृहात त्यांनी एकतीस वर्षं पोशाख शिवले होते. अन्वी लहान असताना शाळेच्या कार्यक्रमासाठी तिला मोराचा पोशाख शिवून दिला होता तो त्यांनीच. ताठ बाई. कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला तर दारावर चिठ्ठी लावायच्या, आणि नाताळात त्याच दारावर घरी केलेल्या बिस्किटांची पिशवी अडकवायच्या.

फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा लहानसा झटका आला. पंधरा दिवसांनी घरी आल्या तेव्हा डावा हात नुसता लोंबत होता आणि पाय ओढत चालावं लागत होतं. रुग्णालयानं हातात एक जाडजूड पाकीट दिलं होतं. शनिवारी दुपारी स्नेहलता विचारपूस करायला गेली तेव्हा बाई ते पाकीट समोर ठेवून बसल्या होत्या.

"फ्राऊ पारसनीस, तुम्ही तर याच विषयात काम करता ना?" त्यांनी विचारलं. "मग यातलं आधी काय भरायचं?"

स्नेहलतानं कागद पाहिले. दोन वर्षं ती जर्मनीचा रकाना भरत होती. आधी काय भरायचं हे तिला माहीत नव्हतं.

तिथून ते शनिवार सुरू झाले. शिकावं लागलं ते असं : चालायला आधाराची गाडी हवी तर आरोग्य विम्याकडे जायचं. घरी मदतीला कुणी हवं तर काळजी विम्याकडे, म्हणजे फ्लेगेकासेकडे. हे दोन विमे एकाच इमारतीत, एकाच बोळात, समोरासमोर. पण एकाचं पत्र दुसऱ्याकडे पोहोचायला नऊ दिवस लागले, कारण ते टपालानं गेलं. अपंगत्वाचा दाखला तिसरीकडे. विधवेच्या पेन्शनमधली चूक चौथीकडे. घरभाड्याला मदत पाचवीकडे. तिथल्या माणसानं अर्ज चाळून सांगितलं, "तुमचं उत्पन्न इतकं कमी आहे की तुम्ही आमच्यात बसत नाही, समाजकल्याणात जा." समाजकल्याण हा सहावा दरवाजा. तिथली तरुण मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "आधी घरभाड्यावाल्यांचा नकार लेखी आणा." घरभाड्यावाले म्हणाले, "आम्ही नकार दिलेलाच नाही, नुसता सल्ला दिलाय. सल्ला लेखी देत नाही."

आणि प्रत्येक दारात रहिवासाचा दाखला हवा. तो दाखला नगरपालिकाच देते. घरभाड्याचं खातं नगरपालिकेचंच, समाजकल्याणही तिचंच. म्हणजे बाई अमुक ठिकाणी राहतात हे नगरपालिकेनं लिहून द्यायचं, ते बाईंनी लंगडत नेऊन नगरपालिकेला द्यायचं, आणि तिनं ते वाचून खात्री करून घ्यायची. असं अकरा वेळा झालं.

त्याच सुमारास प्रतापकडे जेवण होतं. प्रताप श्रीरंगचा जुना मित्र, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, नेकारसुल्महून नुकताच कोलोनला बदलून आलेला. पुरणपोळी झाल्यावर तो नेहमीच्या गाण्यावर आला.

"अर्धा पगार कापतात आणि वाटतात कुणाला? बसून खाणाऱ्यांना. आयत्या बिळावर नागोबा सगळे! आल्झो, म्हणजे माझं म्हणणं आहे, हे सगळं एकदा बंदच करून टाकावं."

"बंदच?" स्नेहलतानं विचारलं.

"गेनाऊ! अगदी बंदच."

"विहान झाला तेव्हा तुम्ही दोन महिने पालक-रजेचा भत्ता घेतलात ना, प्रतापराव? पोर्तुगालचे फोटो टाकले होतेत."

"ते वेगळं. तो आपला हक्क."

"आणि साथीच्या वर्षात कारखाना अर्धा बंद होता, तेव्हा सरकारनं पगाराची भर घातली, तोही हक्कच असेल."

प्रतापची बायको नीता हसू दाबत ताटं उचलायला लागली. श्रीरंगनं टेबलाखालून पाय मारला. अन्वीनं फोनमधून डोकं वर न काढता "मम्मा, पाइनलिश" म्हटलं, म्हणजे लाज आणतेस. घरी परतताना श्रीरंग म्हणाला, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला लागल्यापासून तुझी जीभ फार तिखट झालीय." ते खरं होतं. पण प्रतापसारख्यांची तिला चीड येत नव्हती, कीवच येत होती. माणसानं स्वतः घेतलं की हक्क आणि शेजाऱ्यानं घेतलं की भीक. असल्या हिशेबाला कुठलं प्रारूप म्हणायचं, हे समितीला विचारायला हवं होतं.

मे महिन्यात फ्लेगेकासेनं तपासणीला माणूस पाठवला. बाईंना किती मदत लागते हे त्यानं ठरवायचं होतं. स्नेहलता त्या दिवशी समितीच्या बैठकीत होती. संध्याकाळी येऊन पाहते तो हेलेनथालबाई केस सेट करून, ओठांना लाली लावून, मोत्यांची माळ घालून बसलेल्या. टेबलावर सफरचंदाचा केक.

"केक कुणी केला?"

"विकत आणवला. पाहुणा येणार म्हटल्यावर काहीतरी हवंच की. भला माणूस होता. विचारलं, कपडे स्वतः घालता? म्हटलं, अर्थातच."

"आणि घालता?"

बाईंनी उजव्या हातानं माळ सरळ केली. मग म्हणाल्या, "सकाळी सहाला उठले होते. तो अकराला आला."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्जदार नीटनेटक्या, उत्साही, स्वावलंबी. मदतीची गरज नाही.

स्नेहलताला बाईंचाही राग आला. पण जास्त राग आला तो त्या पत्राचा. माणूस घरात येऊन गेला, केक खाऊन गेला, आणि पाच तासांत घातलेला झगा त्याला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं एक काम केलं जे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हेलेनथालबाईंची सगळी परिस्थिती नाव न घालता एका पानावर लिहिली आणि समितीचे जे परदेशातले संपर्क होते त्यांना पाठवली. 'ही बाई तुमच्याकडे राहत असती तर तुम्ही काय केलं असतं?' एवढाच प्रश्न.

डेन्मार्कमधून एका नगरपालिकेतल्या बाईचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. 'पंच्याहत्तरी झालेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाकडे आम्ही आपण होऊन विचारतो, येऊन भेटू का म्हणून. त्यामुळे झटका यायच्या आधीच आमची ओळख असती. सगळं एकाच खात्याकडे. पण फार कौतुक करू नका. आमच्याकडे माणसं कमी पडतात, घराची साफसफाई आता दोन आठवड्यांतून एकदाच, आणि तीही कधी रद्द होते.'

नेदरलँड्समधल्या गृहस्थांनी लिहिलं की नगरपालिकेचा माणूस घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसेल आणि पहिल्यांदा विचारेल, तुमचे नातेवाईक काय करू शकतात, शेजारी काय करू शकतात. खाली जोडलं होतं : 'पत्र लिहिणारी शेजारीण तुम्हीच असाल, तर आम्ही तुमचंच नाव लिहिलं असतं.'

इटलीतून फोन आला. कामगार संघटनेच्या मदत केंद्रातले एक वयस्क गृहस्थ. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "मुलगी आहे?"

"नाही."

"सून? भाची?"

"कोणीच नाही."

"मग आमच्याकडे अवघड आहे, सिन्योरा. पैसा नाही, माणूस नाही, सरकार महिनोन्‌महिने उत्तर देत नाही. पण एक आहे. तिनं माझ्या केंद्रात येऊन बसायचं. सगळे कागद मी भरणार. फुकट. ते माझं काम."

म्हणजे स्वर्ग कुठंच नव्हता. डेन्मार्कचे हात तोकडे पडायला लागलेले, डच लोक मदतीच्या नावाखाली शेजाऱ्याच्या गळ्यात घोंगडं टाकणारे, इटली सगळं सुनेवर सोडून मोकळी. सुधारणा सगळ्यांनाच हवी होती. पण दाराशी आलेल्या म्हातारीला सहा दारं दाखवणं, आणि ती चालू शकत नाही म्हणून मदत मागायला तिला चालायला लावणं, हा पराक्रम एकट्या जर्मनीच्या रकान्यात होता. स्नेहलतानं तक्त्यात एक नवीन ओळ घातली. किती दारं, तोच कागद किती वेळा, किती आठवडे. जर्मनी : सहा, अकरा, एकोणीस आणि अजून चालू.

जूनच्या बैठकीत प्रोफेसर विटेकिंडनी ती ओळ पाहिली आणि चष्मा काढला.

"फ्राऊ पारसनीस, हे एका व्यक्तीचं उदाहरण झालं. तुम्ही संख्याशास्त्र शिकलात ना? नमुना एकाचा?"

दोघेतिघे हसले. स्नेहलताचे कान तापले. पुण्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना तिनंच शिकवलं होतं की एकावरून निष्कर्ष काढू नये. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त झोंबलं. ती उठली, पिशवीतून बाईंच्या सहा अर्जांच्या कोऱ्या प्रती काढल्या आणि प्रत्येकासमोर एक-एक संच ठेवला.

"मग नमुना नऊचा करूया," ती म्हणाली. "कॉफीला अजून पंचवीस मिनिटं आहेत. आपापल्या आईसाठी भरायचाय असं समजा. कुठला आधी, कुठला नंतर, एवढं नुसतं क्रमांक घालून दाखवा."

आधी कुणी पेन उचललं नाही. मग एका प्राध्यापिकेनं उचललं, म्हणून बाकीच्यांनी उचललं. खोलीत कागदांची सळसळ. दहा मिनिटांनी एकजण म्हणाला, "यातला चौथा आणि पाचवा तर परस्परविरोधी आहेत." दुसऱ्यानं तिसऱ्याच्या कागदात डोकावून पाहिलं, परीक्षेत पोरं पाहतात तसं. माजी मंत्री सगळ्यात आधी थांबले. काळजी विम्याच्या अर्जाचं सातवं पान धरून म्हणाले, "हे कलम… हे तर आमच्याच काळातलं. याचा अर्थ काय होतो?"

नऊ जणांचे नऊ वेगळे क्रम आले. एकाचाही बरोबर नव्हता.

"मनोरंजक," प्रोफेसर विटेकिंड म्हणाले आणि संच बाजूला सरकवला. "पण हे अंमलबजावणीचे प्रश्न आहेत. आपला विषय प्रारूपांचा आहे." मग कॉफी आली. माजी मंत्र्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला.

सप्टेंबरात सहाशे बारा पानांचा अहवाल निघाला. जाड पुठ्ठा, निळं मुखपृष्ठ. स्नेहलताची ओळख शेवटच्या पानावर 'तांत्रिक साहाय्य' अशी होती आणि तिची ओळ परिशिष्ट चौदामध्ये, फक्त इंटरनेटवर. समितीची मुख्य शिफारस अशी की विखुरलेली खाती एकत्र कशी आणता येतील याचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमावी.

मधल्या काळात हेलेनथालबाईंचा लढा चालूच होता. स्नेहलतानं महिन्याच्या मुदतीत हरकतीचं पत्र लिहिलं होतं, त्यामुळे ऑक्टोबरात पुन्हा तपासणी ठरली. या वेळी तिनं रजा काढली आणि आदल्या दिवशी बाईंना बजावलं, "केक नाही. लाली नाही. जशा सकाळी असता तशा बसायचं."

"म्हणजे नाटक करायचं?" बाई फणकारल्या. "एकतीस वर्षं मी नटांना कपडे चढवले. स्वतः कधी स्टेजवर गेले नाही. आता आजारी म्हातारीचं काम करू?"

"नाटक तुम्ही मेमध्ये केलंत," स्नेहलता म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाटलं, फार लागट बोलले.

बाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. पण दुसऱ्या दिवशी त्या गाऊनवरच होत्या. केस विंचरलेले नव्हते. तपासणीला या वेळी एक मध्यमवयीन बाई आली होती, साधी, थकलेली. तिनं विचारलं, "कपडे स्वतः घालता?"

हेलेनथालबाईंनी खुर्चीवरचा सदरा मांडीवर घेतला, उजवा हात बाहीत घातला, मग दातांनी कॉलर धरून डावा हात आत ओढला. आणि पहिलं बटण लावायला घेतलं. बटण सुटत होतं. पुन्हा धरत होत्या. ज्या बोटांनी राण्यांच्या पोशाखांवर मोजून तीनशे मणी बसवले होते त्यांना एक साधं बटण काजात घालता येत नव्हतं. तपासणारी बाई मदतीला पुढे झाली तर त्यांनी मान हलवून तिला थांबवलं. पहिलं बटण लागलं. दुसऱ्याला त्यांच्या कपाळावर घाम आला. स्नेहलता खिडकीकडे पाहत उभी राहिली, कारण समोर पाहणं तिला जमेना.

"पुरे," ती थकलेली बाई हलकेच म्हणाली. "मी पाहिलं."

"सहा बटणं आहेत," हेलेनथालबाई म्हणाल्या, आणि सहाही लावली.

नोव्हेंबरात मंजुरीचं पत्र आलं. आठवड्यातून तीनदा सकाळी मदतनीस येऊ लागली. समाजकल्याण आणि घरभाडं यांचा घोळ जानेवारीत मिटला. कसा मिटला हे दोघांपैकी एकाही खात्याला सांगता आलं नाही. बाईंनी मंजुरीचं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि स्नेहलताला म्हणाल्या, "इतकी लाज सोसल्यावर मिळालेलं, फ्राऊ पारसनीस, ते मदत वाटत नाही." स्नेहलतानं कॉफी केली.

नवीन समिती नेमली गेली तेव्हा प्रोफेसर विटेकिंडनी तक्त्यांसाठी पुन्हा तिलाच बोलावलं. मोठेपणानं म्हणाले, या वेळी दौऱ्यावर तुम्हालाही नेऊ. तिनं नाही म्हणून सांगितलं. श्रीरंग दोन दिवस धुमसला. "हातची नोकरी सोडून काय करणार आहेस?"

"तो इटलीतला म्हातारा करतो ते," ती म्हणाली.

शेजारच्या गावच्या नगरपालिकेत ज्येष्ठ नागरिकांच्या सल्ला-खिडकीवर जागा होती. पुण्याची पदवी खरी आहे याची खात्री करून घ्यायला त्यांना पाच महिने लागले. मग ती रुजू झाली. पगार आधीपेक्षा कमी, हुद्द्याचं नाव आणखी लांब. अन्वीनं मैत्रिणींना आई काय करते ते सांगताना या वेळी 'पाइनलिश' म्हटलं नाही, एवढी बढती मात्र मिळाली.

तिसऱ्या दिवशी काठी टेकत एक आजोबा आले. चाकाच्या खुर्चीबद्दलचा कागद होता. काम तिच्या खिडकीचं नव्हतं, दोन ट्राम स्टॉप पुढच्या कचेरीचं होतं. अशा वेळी पत्त्याची छापील चिठ्ठी द्यायची, असा नियम होता. तिनं दिली. आजोबांनी चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "तिथं लिफ्ट आहे का हो?"

तिला ठाऊक नव्हतं. तिनं फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तिनं खुर्चीवरचा कोट उचलला.

"फ्राऊ पारसनीस," पलीकडच्या टेबलावरून वरिष्ठ म्हणाले, "हे आपल्या कामात बसत नाही."

"हो, हो," ती म्हणाली आणि आजोबांबरोबर बाहेर पडली.

तिथं लिफ्ट नव्हती. कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. स्नेहलतानं आजोबांना खालच्या बाकावर बसवलं, वर गेली, आणि दहा मिनिटांनी तिथल्या कारकुनाला फाइल आणि शिक्क्यासकट जिना उतरवून खाली घेऊन आली. त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. पण बाकावर बसून त्यानं कागद भरला.